खिळ्यावरचे हातमोजे

वाचनालयाच्या मागच्या खोलीत दर रविवारी मुलांची विज्ञानाची कार्यशाळा भरायची, त्या काळातली ही गोष्ट. आता तिथे झेरॉक्सचं यंत्र आहे म्हणे. तेव्हा तिथे लांबलचक टेबलं होती, जळक्या ठिपक्यांनी पार चित्ता झालेली, आणि दार उघडलं की सोल्डरिंगच्या धुराचा वास यायचा, गोडसर, जरा घशाला लागणारा. ज्या पोरांनी तो वास घेतला त्यांचेही केस आता पिकले, पण कुठे रेडिओ दुरुस्त होत असला की ती अजून थबकतात.

कार्यशाळा चालवायच्या बाई. शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झालेल्या. त्यांना घरचं नाव होतं, पण ते कुणाला आठवत नसे. बाईंचा एकच कडक नियम होता. मुलांच्या वस्तूला मोठ्या माणसानं बोट लावायचं नाही. बघायला या, बसा, चहा प्या, पण हात पाठीमागे. आईबापांचे हात किती शिवशिवतात, हे बाईंनी उभ्या नोकरीत पाहिलं होतं. बापानं केलेली पवनचक्की मुलगा शाळेत आणणार आणि कुठली तार कुठे जाते विचारलं की छताकडे बघणार!

म्हणून दाराशेजारी खिळ्याला वेल्डरचे जाड चामडी हातमोजे टांगलेले असत. जो मोठा माणूस मुलाच्या कामात हात घालेल, त्यानं ते चढवून कार्यशाळा संपेपर्यंत स्टुलावर बसायचं. त्या हातमोज्यांत साधं नाक खाजवता यायचं नाही. पोरं पोट धरून हसायची आणि हसण्यात बाई सगळ्यांच्या पुढे.

सगळ्यांत जास्त हसं झालं होतं भिंगरीच्या बाबांचं. भिंगरी एका जागी म्हणून बसत नसे, त्यावरून तिला ते नाव पडलेलं. बाबा वायरमन. पोरगी दातांनी वायर सोलतेय हे त्यांना पाहवेना. त्यांनी तिच्या हातातून ती काढून घेतली आणि खोलीभर आरोळी उठली.

"बाबा, सापडलास!"

"अगं, हाताला सवय गं. आपोआप गेला."

"धंद्यात तुम्ही उस्ताद असाल," बाई म्हणाल्या होत्या, "इथे मात्र बिनहाताचे. चढवा!"

त्यांनी हसत हसत चढवले. त्या दिवसापासून आले की हात पाठीमागे घट्ट बांधून उभे राहत, मास्तरांनी बाकाजवळ उभं केल्यासारखे.

मग प्रदर्शनाचा दिवस ठरला. भिंगरीनं पाण्याची टाकी भरली की वाजणारा भोंगा केला होता. दोन तारा पाण्याला टेकल्या की बझर वाजायचा. निदान वाजायला हवा होता. तिचं टेबल दाराजवळ पहिलंच होतं, आणि वाचनालयाचे अध्यक्ष पाहायला येणार होते. पोरांच्या ठोकाठोकीला एवढी चांगली खोली कशाला, असं ते इकडेतिकडे बोलत होते. ते बाईंच्या कानावर आलं होतं.

आदल्या संध्याकाळी वायरमन खोलीभर दिव्यांच्या वायरी ओढून देऊन गेले. "बाई, तुम्ही नाही निघत?" त्यांनी दारातून विचारलं. "जरा बघते सगळं," बाई म्हणाल्या. त्या एकेक वस्तू चालवून पाहत गेल्या. भिंगरीचा भोंगा मुका. त्यांनी चष्मा नाकावर ओढून पाहिलं. ट्रान्झिस्टरच्या एका पायावरचं सोल्डर मळकट, खरबरीत होतं. जोड कच्चा राहिला होता. पोरीची उद्या फजिती होईल, असं त्या स्वतःशीच म्हणाल्या. सोल्डरिंग आयर्न तापायला ठेवलं. एक थेंब. जोड चांदीसारखा चमकला, भोंगा पीं करून वाजला, आणि बाईंना चक्क बरं वाटलं. गुणगुणत त्यांनी खोलीला कुलूप घातलं.

सकाळी अध्यक्ष आले. मागे आईबापांचा घोळका. भिंगरी वेण्या घट्ट घालून, पाण्याचा ग्लास पुढे ठेवून उभी होती.

"नमस्कार," ती म्हणाली. "माझा भोंगा वाजत नाही. का वाजत नाही ते मी शोधून काढलंय. आता तुमच्यासमोर तो दुरुस्त करणार आहे. आधी न वाजताना बघा."

तिनं तारा पाण्यात सोडल्या.

पींऽऽऽ!

घोळका खो खो हसला. "वा! न वाजणारा भोंगा झकास वाजतो की!" अध्यक्ष म्हणाले. भिंगरीनं तारा बाहेर काढल्या, पुन्हा बुडवल्या. पुन्हा पीं. तिचे कान लाल झाले. भिंग उचलून तिनं जोडाकडे पाहिलं, बराच वेळ.

"हा जोड माझा नाही," ती म्हणाली.

आणि सगळ्यांच्या माना वायरमनकडे वळल्या.

"बाबा?"

"मी नाही गं."

"काल इथे तूच होतास. मी बघू का, मी बघू का, असं आठवडाभर तूच मागे लागला होतास. मी नको म्हटलं होतं ना तुला?" तिचा आवाज चिरकला.

"हातमोजे! हातमोजे!" पोरं ओरडली. कुणीतरी ते खिळ्यावरून काढून आणले.

वायरमननी एकदाच बाईंकडे पाहिलं. काल आपल्यामागे खोलीत कोण राहिलं, हे त्यांना ठाऊक होतं. बाईंनी चष्मा काढून पदरानं पुसला. अध्यक्ष शेजारी उभे, नियम बाईंचा स्वतःचा, हातमोजे बाईंचे. वायरमननी दोन्ही हात पुढे केले.

"चला, पुढच्या टेबलाकडे," असं कुणीतरी म्हणालं. तो आपलाच आवाज आहे, हे बाईंना मागाहून कळलं.

त्या पुढे गेल्या. दुर्बिणीविषयी बोलल्या, बटाट्यावर चालणाऱ्या घड्याळाविषयी बोलल्या. डोळे मात्र कोपऱ्यातल्या स्टुलाकडे जात होते. वायरमन दोन जाड पंजांत चहाचा कप धरायची खटपट करत, आल्यागेल्याशी हसून बोलत होते. भिंगरी त्यांच्याकडे पाठ करून बसली होती. तिची पाठ एवढी गप्प बसलेली कुणी पाहिली नव्हती.

"मानलं बाई तुम्हाला," अध्यक्ष शेवटी म्हणाले. "खोली तुमचीच."

हे ऐकायला बाईंचा जीव किती आसुसला होता! आता तेच शब्द अंगावर गरम सोल्डर सांडल्यासारखे पडले. त्या वळल्या आणि सगळ्यांमधून स्टुलापाशी गेल्या.

"द्या ते इकडे."

"राहू द्या हो बाई," वायरमन हळूच म्हणाले. "मला सवय आहे. पोरगी काय, उद्या विसरेल."

"ती नाही विसरणार. काढा."

हातमोजे आतून ओले होते, दुसऱ्याच्या घामानं. ते बाईंनी स्वतःच्या हातांत चढवले. खोलीत कुणी हसलं नाही.

"भिंगरी, तो जोड मी केला. काल संध्याकाळी."

भिंगरी वळली. "तुम्ही?"

"मी."

"का?"

तुझी फजिती होऊ नये म्हणून, हे उत्तर ओठांवर तयार होतं. गोड आणि सोयीचं. बाईंनी ते गिळलं. "माझी फजिती होऊ नये म्हणून. दाराजवळचं टेबल मुकं राहिलं असतं तर लोक मला हसले असते."

"मग मघाशीच का नाही सांगितलंत? बाबाला घालायला लावलेत तेव्हा?"

अख्ख्या नोकरीत मुलांना कोपऱ्यात उभं करताना जे त्यांच्या चेहऱ्यावर पाहिलं, ते आता आपल्या चेहऱ्यावर आहे, एवढंच त्यांना कळत होतं. अध्यक्ष खाली मान घालून बूट बघत होते.

भिंगरीनं सोल्डरिंग आयर्न तापवलं, तो चकचकीत थेंब वितळवून पुसून काढला, आणि ट्रान्झिस्टरचा पाय पुन्हा कच्चाच चिकटवला, जसा आधी होता तसा. मग बाबांचं स्टूल पायानं ओढून आपल्या टेबलाशी आणलं.

"बस इथे. आणि हात?"

"पाठीमागे," बाबा म्हणाले.

ती त्यांच्या गुडघ्याला टेकूनच उभी राहिली. "हं, आता बघा," ती म्हणाली. "न वाजताना."

तारा पाण्यात गेल्या. शांतता. मग तिनं कच्चा जोड बोटानं दाखवला, पाय आधी का तापवायचा ते सांगितलं, आणि जीभ दातांत धरून पुन्हा सोल्डर लावलं. थेंब जरा वेडावाकडा बसला, पण चमकला. तिनं तारा बुडवल्या.

पींऽऽऽ!

टाळ्या पडल्या. बाबांनी तर फरशीवर पायानं ताल धरला, हात पाठीमागेच ठेवून. बाईंनीही टाळ्या वाजवल्या. जाड चामड्यावर चामडं आपटत राहिलं आणि त्याचा आवाज काही झाला नाही. भिंगरीनं एकदा त्यांच्या हातांकडे पाहिलं, आणि पुढचा जोड दाखवायला लागली.