फ्लॉपीवरचा आवाज

ऑफिसात त्याला सगळे पुराणपुरुष म्हणत, आणि त्याला ते आवडे. नव्या कॉम्प्युटरवर जुनी सिस्टीम जिवंत करायची आणि लिहिलेला प्रोग्राम यंत्राच्या भाषेत उतरवणारा तितकाच जुना असेम्ब्लर तिच्यात चालवायचा, यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. आज मात्र ही सगळी विद्या घरासाठीच पणाला लागली होती.

त्याची मुलगी अगदी लहान असताना तिची आई गेली. त्याआधी तिने लेकीला उठवणाऱ्या घड्याळाचा एक प्रोग्राम हौसेने लिहिला होता आणि त्यात स्वतःचा आवाज भरला होता. तिचा तेवढाच आवाज मागे उरला होता, एका फ्लॉपीवर, दोन तुकड्यांत. लेक आता स्वतः आई होणार होती, आणि आईचा आवाज कसा होता हे तिला आठवत नव्हतं. एकदा ऐकायचाय, एवढंच ती म्हणाली होती.

फ्लॉपीला बुरशी धरली होती. एकदा वाचता येईल, दुसऱ्यांदा नाही, असं त्यानेच लेकीला मोठ्या शहाणपणाने बजावलं होतं.

फ्लॉपी फिरली. प्रोग्राम उतरला, आणि असेम्ब्लरने एकही चूक न दाखवता तो पास केला. पुराणपुरुषाला स्वर्ग दोन बोटं उरला. अख्ख्या फ्लॉपीची नक्कल काढण्याइतकाही धीर त्याला धरवला नाही. आवाजाचे दोन्ही तुकडे त्याने फ्लॉपीवरूनच थेट जोडायला घेतले, जन्मभर प्रोग्रामचे तुकडे जोडत आला होता अगदी तसेच. हाताला सवय होती, डोकं मधे आलंच नाही. फ्लॉपी करकरली आणि थांबली.

लेक कानात प्राण आणून बसली. त्याने प्रोग्राम चालवला.

स्पीकरमधून कुणीतरी हलकेच श्वास घेतला. मग पुन्हा एकदा घेतला. पुढे काहीच नाही.

आपण काय करून बसलो ते त्याला कळलं. त्या जुन्या सिस्टीमला नुसतं जोड म्हटलं की ती समोरचं सगळं लिखाणच समजते, आणि सव्वीस हा आकडा दिसला की लिखाण संपलं असं धरून चालते. हे लिखाण नाही, शेवटपर्यंत घे, असं तिला वेगळं सांगावं लागतं. नवशिक्यांना तो हे दरडावून शिकवत असे. आवाजही आकड्यांतच साठवलेला असतो. बायकोचा आवाज जरा चढला, तिथेच सव्वीस आला, दोन्ही तुकड्यांत. त्याने फ्लॉपी पुन्हा घातली. आतून नुसती खरखर आली. बाहेर काढून पाहिली तर तिच्यावर गोल ओरखडा उमटला होता.

लेकीला हे सांगताना त्याची मान वर होईना. ती रागावली असती तर फार बरं झालं असतं. तिने फक्त विचारलं, "काय म्हणायची ती?"

"ऊठ गं चिमणे, ऊन बघ कुठवर आलं," तो म्हणाला. शब्द न् शब्द बरोबर होता. आवाज मात्र त्याचा होता, घोगरा आणि म्हातारा.

"परत लाव ना, बाबा," ती म्हणाली. "श्वास तरी."

त्याने लावला. लेक पोटावर हात ठेवून ऐकत राहिली, आणि पुराणपुरुष तिच्यासमोर हमसून हमसून रडला.