भाजलेल्या विटांचं भविष्य

वडवणीचा आठवडी बाजार त्या दिवशी दुपारीच ओस पडला. मेथीच्या जुड्या, भरलेल्या पिशव्या, कडेवरची पोरं असं सगळं घेऊन माणसं बीड रोडवरच्या मठाच्या पत्र्याच्या मांडवात घुसली होती आणि टाचा उंचावून पुढं बघत होती. रामहरी महाराज आज देवीचा ओटा फोडणार होते. ओट्याच्या पोटात पाच विटा होत्या म्हणे. दोन हजार अठरा साली, ओटा बांधताना, देवीनं महाराजांच्या अंगात येऊन पुढच्या पाच दसऱ्यांचे भाव सांगितले होते आणि महाराजांनी ते ओल्या विटांवर कोरून, भट्टीत भाजून, ओट्यात चिणले होते. भाव सोन्याचे नव्हेत आणि कापसाचेही नव्हेत. नीरधारा पाईप्स या कंपनीच्या शेअरचे होते.

देवीला पाईपांच्या कंपनीत एवढं काय पडलं होतं, हे मात्र कुणी विचारलं नाही.

सुरेखा गर्दीत शिरली ती आईला शोधत. ती ज्युनिअर कॉलेजात वाणिज्य शिकवायची, शेअर बाजाराचा धडा दरवर्षी फळ्यावर मांडायची, आणि तिच्याच आईनं गेल्या आठवड्यात तिला न विचारता नीरधाराचे सगळे शेअर विकून टाकले होते. मंजुळाबाई पुढच्या रांगेत बसल्या होत्या. पैशांची पुरचुंडी पदराच्या गाठीत होती आणि गाठीवर हात घट्ट होता.

ते शेअर म्हणजे सुरेखाच्या वडिलांचा, राधाकिशन अण्णांचा, दसरा होता. अण्णा शेतात ठिबकचे पाईप बसवून द्यायचे. कंपनीचा माल त्यांना हातानं माहीत होता. दसऱ्याला लोक गुंजभर सोनं घेतात, अण्णा नीरधाराचा एक शेअर घ्यायचे. दसऱ्याला बाजार बंद असतो, म्हणून आदल्या दिवशीच घ्यायचे, आणि दसऱ्याला आपट्याचं पान मंजुळाबाईंच्या हातावर ठेवून म्हणायचे, हे नुसतं पान न्हाई. अण्णा गेले आणि तेवढंच मागं राहिलं.

सुरेखानं आईला हळू आवाजात घरी चल म्हणून विनवलं. महाराजांनी हे पैसे देवीच्या घटात घ्यायचे, पुढच्या कंपनीत लावायचे आणि तिप्पट करून द्यायचे, असा बेत होता. मंजुळाबाई ऐकेनात.

"पाच विटा खोट्या निघाल्या तर मी उठते," त्या म्हणाल्या. "खऱ्या निघाल्या तर तू तोंड उघडायचं न्हाई. हाय कबूल?"

सुरेखा कबूल म्हणाली. विटा खऱ्या निघणं शक्यच नाही, अशी तिची खात्री होती. शिकल्यासवरल्या माणसाला ही खात्री नेमकी नको तिथं दगा देते.

महाराज पूर्वी मोबाईलच्या रिचार्जचं दुकान चालवायचे. आता भगवं धोतर आणि हातात चांदीची काठी आली होती. त्यांनी समई पेटवली आणि सांगितलं की बाजारातले लोक भावाच्या आलेखातल्या ज्या हिरव्या-लाल पट्टीला कँडल म्हणतात ती हीच. हिरवी आईची, लाल महिषासुराची. मुंबईचा बाजार सव्वानऊला उघडतो कारण सव्वानऊला आई डोळे उघडते. लोकांनी माना डोलावल्या. महिषासुर शनिवार-रविवार सुट्टी का घेतो, हे विचारायची कुणाची छाती झाली नाही.

मग त्यांनी लाऊडस्पीकरवाल्या कामरानला पुढं बोलावलं. हा पोरगा आपल्या देवीचा भक्त न्हाई, म्हणून ह्यालाच मोबाईलवर भाव बघू द्या, म्हंजी कुणाला शंका नको, असं महाराज म्हणाले. कामराननं आपला फोन काढला. सेवेकरी शहादेवानं पहार घातली, ओट्याची कड फुटली आणि मातीनं माखलेली पहिली वीट बाहेर आली. तिच्यावर साल होतं आणि खाली आकडा. पुसून वाचला गेला. कामराननं कंपनीचे मागचे भाव उघडले, त्या दसऱ्याच्या आदल्या दिवसाची तारीख काढली आणि माईकमध्ये तोच आकडा वाचला. पैशासकट तोच.

दुसऱ्या विटेवर दोन हजार एकोणीस होतं. एकशे अडुसष्ट रुपये चाळीस पैसे. फोनमध्येही एकशे अडुसष्ट रुपये चाळीस पैसे. मांडवातल्या निम्म्या लोकांनी आपापल्या फोनवर बघितलं आणि आपापल्या डोळ्यांनी पटवून घेतलं. तिसरी जुळली, चौथी जुळली, पाचवी जुळली. बायका रडू लागल्या. एका म्हाताऱ्यानं तिथंच लोटांगण घातलं.

सुरेखाही हादरली. तिनंही फोन बघितला होता. आकडे खरेच जुळत होते, आणि भाजलेल्या विटेवरचा आकडा खोडता येत नाही. तेवढ्यात मंजुळाबाई उठल्या, पदराची गाठ सोडली आणि अण्णांचे सगळे दसरे घटात टाकून दिले. सुरेखानं कबूल केल्याप्रमाणे तोंड उघडलं नाही.

शहादेव घटाचं तोंड फडक्यानं बांधत होता ते ती बघत होती आणि तिला अण्णांचा चेहरा आठवला. दरवर्षी शेअर घेतल्यावर ते कुरकुरायचे. एका शेअरपायी सोयाबीनचा एक कट्टा गेला, लई महाग झालाय. दरवर्षी हेच. एक शेअर, एक कट्टा.

पन्नास किलो सोयाबीनचा कट्टा एकशे अडुसष्ट रुपयांना?

हे तिला आधी सुचायला हवं होतं. हाच धडा ती दरवर्षी शिकवत होती. ती लोकांना ढकलत पुढं गेली आणि कामरानकडं माईक मागितला. शहादेव आडवा आला, पण कामराननं माईक तिच्या हातात देऊन टाकला.

"माय," ती म्हणाली, आणि आवाज साऱ्या मांडवात घुमला, "एकोणीस सालच्या दसऱ्याला अण्णांनी शेअर काय विकून घेतला व्हता?"

मंजुळाबाई गोंधळल्या. "सोयाबीनचा कट्टा घातला व्हता की. मीच भरून दिलता."

एकोणीस साली सोयाबीन काय भावानं गेलं हे मांडवातल्या कुणा शेतकऱ्याला सांगावं लागत नव्हतं.

मग सुरेखानं फळ्यासमोर उभं राहिल्यासारखं सांगितलं. त्या दसऱ्याला नीरधाराचा एक शेअर सोळाशे चौऱ्याऐंशी रुपयांना होता. पुढं तेवीस साली कंपनीनं एका शेअरचे दहा केले. एका भाकरीचे दहा तुकडे केले म्हणून भाकरी वाढत नाही, तसंच. शेअर दहापट झाले आणि भाव दहावा हिस्सा झाला. मात्र आलेखात भाव एका दिवसात कोसळल्यासारखा दिसू नये म्हणून मागचे सगळे भावही दहानं भागून दाखवतात. आज फोनवर दिसतो तो हा भागलेला भाव. एकोणीस साली एकशे अडुसष्ट रुपये जगात कुणी दिले नव्हते आणि कुणी घेतले नव्हते.

"ह्या विटा अठरा साली भाजलेल्या असत्या तर एकोणीसच्या विटेवर सोळाशे चौऱ्याऐंशी असतं," ती म्हणाली. "तेवीस सालानंतर कुणीतरी फोनमधले आकडे बघून ओल्या मातीवर उतरवलेत. मागच्या उन्हाळ्यात फरशी बसवायची म्हणून ओट्याला पडदा लावून काम केलं, ते काम हेच व्हतं."

पडदा सगळ्यांनी बघितला होता. आत काय चाललंय हे बघायला मात्र कुणी गेलं नव्हतं.

मंजुळाबाई हळूहळू महाराजांसमोर जाऊन उभ्या राहिल्या. त्यांना आलेख कळला नव्हता, पण कट्टा कळला होता.

"म्हाराज, तुमच्या देवीला एकशे अडुसष्ट दिसले," त्या म्हणाल्या. "मग माझ्या मालकानं अख्खा कट्टा कावून घातला?"

पण महाराजांचा धंदा मुरलेला होता. ते गोड हसले. देवी त्रिकाळज्ञानी हाय, म्हणाले. शेअरचे दहा होणार हे तिला आधीच ठाऊक व्हतं, म्हणून तिनं आधीच भागून सांगितलं.

आणि खेदाची गोष्ट ही की मांडवात ठिकठिकाणी माना पुन्हा डोलल्या.

मग उद्या दुपारचा भाव आत्ता सांगा, सुरेखानं मागणी केली. कामरानच्या हातावर लिहा, उद्या इथंच बघू. महाराज म्हणाले, आई परीक्षा देत न्हाई. मंजुळाबाईंनी पैसे परत मागितले तेव्हा म्हणाले, घटात पडलेलं देवीचं झालं. शहादेवानं माईकची वायर ओढली. मागच्या बाजूला गाडी उभीच होती. गोंधळात घट गेला, महाराज गेले, समई तेवढी मागं राहिली.

पोलिसांत तक्रार झाली. तिथं पहिला प्रश्न मंजुळाबाईंना विचारला गेला की पैसे तुम्ही स्वतःच्या हातानं टाकले का. त्या खोटं बोलणाऱ्या बाई नव्हत्या. तपास चालू आहे असं अजूनही ऐकायला मिळतं. गावात काही लोक सुरेखाला शाबास म्हणाले, आणि काही जणांनी तिच्यामुळं देवी गाव सोडून गेली म्हणून तिच्याशी बोलणं टाकलं. या दुसऱ्या लोकांचेही पैसे त्याच घटात होते.

चार महिन्यांनी कामराननं एक व्हिडिओ आणून दाखवला. दुसऱ्या जिल्ह्यातलं कुठलं तरी गाव, तसाच पत्र्याचा मांडव, तेच भगवं धोतर. ओट्यातून विटा निघत होत्या आणि लोक जुन्या वर्तमानपत्रांतले भाव त्यांच्याशी जुळवत होते. सुरेखानं आकडे एकेक करून बघितले. या वेळी भाव भागलेले नव्हते. प्रत्येक विटेवर त्या-त्या दिवशीचा खराखुरा, न भागलेला भाव होता. तिनं भर मांडवात शिकवलेला धडा एकाच विद्यार्थ्यानं नीट पाठ केला होता.

"म्हंजी मीच त्याला सुधरवलं," ती म्हणाली.

मंजुळाबाई बाजूला शेंगा निवडत होत्या. त्यांचा हात थांबला नाही.

"तू आकड्यात चूक शोधली," त्या म्हणाल्या. "चूक नसती तर तो खरा व्हता का? मागचं झालेलं कुणीबी लिहील. मी त्याला तवाच म्हणायला पायजे व्हतं, पुढच्या दसऱ्याची वीट आज माज्या घरी ठिव अन् दसरा झाल्यावर वाच."

एवढंच आहे. कंपनीचे मागचे भाव सरकारी रस्त्यासारखे सगळ्यांना मोकळे असतात. ते वाचावेत, एका शेअरचे अनेक कधी झाले ते बघावं, कंपनी कशी चालली ते समजून घ्यावं. त्यातून उद्याचा आकडा निघत नाही, देवीलाही नाही आणि वाणिज्याच्या मास्तरणीलाही नाही. भविष्य सांगणारा भेटला तर आकडा जुळतो का हे बघत बसू नका. तो दिवस यायच्या आधी तो आकडा तुमच्या हातात होता का, एवढं विचारा. आणि विचारायचं ते पदराची गाठ सोडायच्या आधी.

यंदाच्या दसऱ्याला मंजुळाबाईंनी लेकीच्या हातावर आपट्याचं पान ठेवलं. ते नुसतं पान होतं.