ज्याचं जास्त बुडालं

कोर्टाच्या हुकमाने कर्जात बुडालेल्या आमच्या मेणबत्ती कारखान्याच्या बिलांवर, नावाच्या पुढे, ‘पुनर्रचनेत’ असा शब्द आला आणि मेणवाल्याने त्याच दिवशी उधारी बंद केली. मी म्हटलं, नवऱ्याने टाकलेली बाई बरी, तिच्या कपाळावर तरी कोणी लिहीत नाही.

वकिलाने दोन वाटा सांगितल्या. एक, कारखाना विकायचा आणि आधी कामगारांचा थकलेला पगार चुकता करायचा. दुसरी, तडजोड: कारखाना चालू, कोणाला काढायचं नाही, पण थकलेलं सहा वर्षांनी मिळणार. मतदान होतं, मात्र माणशी एक मत नाही. ज्याचं जास्त बुडालं त्याचं मत मोठं! एकतीस वर्षं मेणाच्या कढईवर उभी राहिलेली मी, एर्मिंदा. माझे चौदा महिन्यांचे पैसे अडकलेले. कर्ज दिलेल्या बँकेला विक्री हवी, कारखान्यातल्या पोरींना तडजोड. सगळं अडलं माझ्यावर.

आमचा मालक एवेलिओ शेठ इतक्या वर्षांत पहिल्यांदा माझ्या स्वयंपाकघरात आला, केळीच्या पानात उकडलेले मक्याचे तामाल घेऊन.

“एर्मिंदाबाई, आता सगळं तुमच्या हातात.”

“हाच हात कढईवर भाजला होता तेव्हा कुठे होतात, शेठ?”

त्याने आपणच आणलेला एक तामाल सोडायला घेतला. माझा नवरा रुबिएल खुर्चीतून हसला. “खाऊ दे गं त्याला. नाहीतरी मला अर्धाच दिसतोय.”

रुबिएलला काचबिंदू. यंदा ऑपरेशन झालं नाही तर नजर जाणार आणि गेलेली परत येत नाही, असं डॉक्टर म्हणाला होता. सरकारी यादीत नंबर लागेना. खासगीत जेवढे लागणार, तेवढेच माझे कारखान्यात अडकलेले.

दुसऱ्या दिवशी कारखान्याच्या फाटकाशी डेसी भेटली, आमच्यातलीच एक कामगार, दोन लेकरांची आई. मेली नुसती माझी पिशवी उचलून चालायला लागली. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

मी रुबिएलला विचारलं, “तू सांग, काय करू?”

“अडतीस जणींच्या चुली विझवून मी बघणार काय? तुझं थोबाड? ते पाठ आहे मला.”

मी तडजोडीवर सही केली. मला त्याचा राग येतो अजून. माझा त्याहून जास्त येतो.

कारखाना चालला. सात डिसेंबर आला, देवमातेसाठी दारोदारी मेणबत्त्या लावायचा दिवस. आमचा माल हातोहात गेला. माझी वात कधी दगा देत नाही, हे अख्ख्या बुकारामांगा शहराला ठाऊक आहे. दिवेलागणीला मी उंबऱ्याशी बारा मेणबत्त्या लावल्या. बाराच्या बारा लख्ख पेटल्या. रुबिएल समोर खुर्चीत होता, उजेड त्याच्या तोंडावर पडलेला.

“लाव की गं आता,” तो म्हणाला. “किती वेळ अंधारात बसवतेस?”

काडी बोटापर्यंत जळत आली.

“थांब रे जरा,” मी म्हटलं. “वात दमट निघाली मेली. पेटतच नाहीये.”