लाल गालांचे व्याही

कोरियातल्या बुसानच्या बाजारात म्योंग ग्यूतेकचं सूप-भाताचं हॉटेल होतं, आणि त्याच्या तोंडावरून त्याला कुणी टोकलं नाही असा दिवस जात नसे. गाल, नाक, हनुवटी, सगळं लालबुंद. बिचाऱ्यानं जन्मात दारूला हात लावला नव्हता, पण "काय काका, सकाळीच लावली वाटतं?" हे ऐकून त्याचे कान किटले होते. चोर सोडून संन्याशाला सुळी म्हणतात ती हीच.

इतकी वर्षं त्यानं ते हसण्यावारी नेलं. आता मात्र शनिवारी दोन्ही घरचे प्रथमच एकत्र जेवायला बसणार होते, आणि मुलीचं, बोरामचं लग्न तिथेच पक्कं व्हायचं होतं. मुलगा तेयुल लाख माणूस. पण त्याचे वडील चर्चमधलं बडं प्रस्थ, दारूच्या नुसत्या नावानं भडकणारे. आपल्या थोरल्या मुलाच्या वेळी मुलीचा बाप प्यायलेला दिसला म्हणून ते भरल्या ताटावरून उठले होते. ते लग्न मोडलं ते मोडलंच.

ग्यूतेकनं आपल्या डोक्यानं उपाय केला. सार्वजनिक स्नानगृहात गेला, कढत पाण्यात मनसोक्त बसला आणि अंग घासायच्या खरखरीत फडक्यानं तोंड खसाखसा घासलं. मळ गेला की रंगही जाईल, हा हिशोब. बाहेर आला तो उकडलेल्या खेकड्यासारखा.

"आता माझ्या बहिणीचं खाजेचं क्रीम लावून बघा," बायको मालजा म्हणाली.

"आई, तू गप्प बस गं!" बोरामनं दोघांना धरून त्वचेच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं.

"खाज सुटते का?" बाईंनी विचारलं.

"खाज नाही. चटके बसतात."

"भुवयांत, नाकाच्या कडेला कोंडा सुटतो? नवीन साबण, नवीन क्रीम काही?"

"नाही हो."

"उन्हात असता?"

"दिवसभर हंड्यापुढे उभा. ऊन बघायला सवड कुणाला?"

"मग लाली वाढते कधी?"

"सूप ढवळताना, तिखट खाल्लं की," मालजा मध्येच म्हणाली, "आणि मी बोलायला लागले की."

बाई खळखळून हसल्या. भिंगातून गाल बघितले तर लाल शिरांची बारीक जाळी आणि पुरळ. "याला रोझेशिया म्हणतात. ॲलर्जीची लाली बहुतेक खाजते. कोंड्याची असली तर तिथे पापुद्रे सुटतात. उन्हाची असली तर साल निघते आणि ती जाते. काहींना दारूनं येते, ती मानेवर, छातीवर उतरते आणि नशेबरोबर ओसरते. तुमची मात्र गालानाकावर ठाण मांडून बसलीय. वाफ, तिखट, काळजी मिळाली की भडकते. घासणं बंद, उसनी क्रीमं तर मुळीच नको. हे मलम हलक्या हातानं लावा."

"शनिवारपर्यंत जाईल ना?"

"छे हो! काही आठवडे तरी लागतील."

ग्यूतेकचा चेहरा पडला. तेवढा पडूनही लालच राहिला.

शनिवारी बोरामनं बापाला खुर्चीत बसवून तोंडाला आधी लाली झाकणारं हिरवट क्रीम फासलं, मग वरून पावडर. आरशातला गोरापान गृहस्थ ग्यूतेकच्या ओळखीचा नव्हता, पण शुद्धीवर दिसत होता खरा. तेवढ्यावर तो खूश झाला.

जेवणासाठी ठरवलेल्या मोठ्या हॉटेलात व्याही ताठ बसले होते. शेजारी विहीणबाई, चेहऱ्यावर तांदळाच्या पिठासारखी पावडर. नमस्कार झाले. वाढणाऱ्या मुलीनं प्रत्येकापुढे गरम ओला टॉवेल ठेवला, आणि ग्यूतेकनं आजवर प्रत्येक हॉटेलात केलं तेच केलं. टॉवेल उलगडला, तोंड, मान, कानामागे रगडून पुसलं आणि सुखानं "हाऽऽऽ" केलं.

मालजानं टेबलाखालून लाथ घातली तेव्हा त्याचं लक्ष टॉवेलाकडे गेलं. पावडर त्यात, आणि उघडा पडलेला चेहरा वाफेनं पेटलेला. बोरामनं डोळे मिटून घेतले.

व्याही खुर्ची मागे सारून उभे राहिले. "आजच्या दिवशीसुद्धा पिऊन आलात?"

ग्यूतेकनं टॉवेल खाली ठेवला. आता लपवायला उरलंच काय होतं? "मी पीत नाही, साहेब. हा त्वचेचा आजार आहे. पोरीचं लग्न मोडू नये म्हणून रंग लावून आलो, तेवढं चुकलं माझं. हवी ती शिक्षा मला द्या, तिला नको."

तेवढ्यात विहीणबाईंनी आपला टॉवेल उचलला आणि सावकाश एक गाल पुसला. खालून निघाला तो ग्यूतेकच्या गालाचा सख्खा भाऊ.

व्याही बघतच राहिले. "हे... हे कधीपासून?"

"तेयुलच्या जन्मापासून."

"मला कसं कधी दिसलं नाही?"

"तुम्ही उठायच्या आत पावडर लावते ना मी. चर्चमधले म्हणाले असते, बाई चोरून पिते."

व्याह्यांनी मान खाली घातली. तसं म्हणणाऱ्यांत पहिला कोण असता, हे टेबलावरच्या सगळ्यांनाच कळलं होतं. ते हळूच खाली बसले, आपला न वापरलेला टॉवेल बायकोपुढे धरला आणि अगदी हळू आवाजात म्हणाले, "दुसरा गालही पूस."

बाईंचे डोळे भरून आले. त्यांनी टॉवेल गालाला लावला मात्र, ग्यूतेक टेबलापलीकडून ओरडला, "अहो विहीणबाई, घासू नका! आणि तो गार होऊ द्या आधी!"

"बघा, सांगतंय कोण!" मालजा म्हणाली, आणि सगळ्यात आधी हसले ते व्याही.