बारावा पेला

मित्रांनो, आधीच सांगून टाकतो, मी थोडा वाकडा आहे. टेबलावर ठेवलंत तर डावीकडे कलतो. बाकी मी एक जुना काचेचा पेला आहे आणि दिग्रसजवळच्या एका बंजारा तांड्यात, मानीबाईच्या घरी राहतो. माझ्या वाकडेपणाला हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. पुढे हसण्यासारखं फारसं काही नाही.

माझा जन्म कोणत्या साली झाला हे मला ठाऊक नाही. भट्टीची धग तेवढी आठवते. उत्तरेकडच्या कुठल्याशा गावात एका कारागिराने लोखंडी नळीच्या टोकावर वितळलेली काच घेतली, नळी फिरवत फिरवत तिच्यात फुंकर घातली आणि मी फुगलो. त्याच्या हाताची गती जराशी चुकली असावी, म्हणून मी वाकडा झालो. मग दुसऱ्या एका सळईवर मला धरून त्याने माझा काठ नीट केला आणि सळई झटक्याने तोडली. ती तुटली तिथे बुडाशी एक खरबरीत खूण राहिली. माणसाला बेंबी असते ना, तशीच ती. साच्यातून निघालेल्या कारखान्याच्या पेल्याला अशी बेंबी नसते. त्याच्या अंगावर दोन्ही बाजूंनी शिवणीसारखी रेघ असते. माझ्या अंगावर शिवण नाही, पण काचेत बारीक बुडबुडे आहेत. त्या कारागिराचा श्वास अजून तिथे अडकला आहे असं मी समजतो, आणि मला त्याचा अभिमान वाटतो.

आम्ही बारा भावंडं होतो. बारा खणांच्या लाकडी पेटीत, कापसात गुंडाळून आम्हांला दिग्रसला पाठवलं. त्या काळी इकडे माल बैलांच्या पाठीवरून येई आणि तो आणणारे बंजारे असत. आमची पेटी नेमसिंगने आणली. वाटेत तीन नद्या लागल्या, पण त्याने आमच्यातल्या एकालाही तडा जाऊ दिला नाही. दिग्रसच्या कापूस-व्यापाऱ्याने दारातच पेटी उघडून एकेक पेला ओट्यावर ठेवून पाहिला. अकरा सरळ उभे राहिले, मी कललो. असलं वाकडं घरात नको म्हणून त्याने मला नेमसिंगच्या हातात परत दिलं आणि पेटी आत नेली. मला तो फार मोठा अपमान वाटला. नेमसिंगला मात्र मी आवडलो.

अशा रीतीने मी तांड्यात आलो. इथे कुठल्याही घरची सोयरीक पक्की झाली की दोन्हीकडची मंडळी माझ्यातून गूळपाणी पीत. ते प्यायलं की दिलेला शब्द मोडायचा नाही, असा रिवाज होता. एरवी मी दगडी फळीवर बसून असे, आणि धुतल्यावर पाणी निथळायला त्याच दगडावर पालथा पडे. कितीतरी हातांनी मला उचललं, ठेवलं, सरकवलं. त्याने माझ्या बुडाभोवती बारीक चऱ्यांचं एक धुरकट कडं उमटलं. मला ते मुळीच आवडत नसे. आपण म्हातारे दिसतो असं वाटायचं. किती मूर्ख होतो मी.

मानीबाई या घरात सून म्हणून आली तीही माझ्यातलं गूळपाणी पिऊनच. नेमसिंग तिच्या नवऱ्याचा पणजोबा. पुढे नवरा गेला आणि मानीबाई दिग्रसला त्याच व्यापाऱ्याच्या वंशजांकडे, घनश्यामशेठच्या घरी, धुण्याभांड्याला जाऊ लागली. शेठचा कापसाच्या जिनिंगचा कारखाना तेव्हा जोरात चालायचा. मानीबाईने तिथे वीस वर्षं काम केलं, आणि घराच्या किल्ल्या कित्येकदा तिच्याच कमरेला असत.

मग कापसाची वाईट वर्षं आली. भाव पडला, पीक गेलं, बाजारात गाड्या येईनाशा झाल्या. जिनिंगला कुलूप लागलं. घनश्यामशेठने घर विकायला काढलं आणि जुन्या सामानाची आवराआवर सुरू केली. त्यात माळ्यावर ती बारा खणांची पेटी सापडली. आत अकरा पेले होते. कोणीतरी म्हणालं, असाच एक पेला मानीबाईच्या घरी आहे.

शेठ तांड्यात आले ते थेट तांड्याच्या प्रमुखाच्या, म्हणजे नायकाच्या ओट्यावर बसले आणि चार माणसांसमोर त्यांनी मानीबाईला बोलावलं.

"पेटीत घरं बारा हायेत मानीबाई, अन् पेले अकरा," ते म्हणाले. "बारावा तुह्या घरी कसा आला?"

"तो तुमच्या घरात कधी गेलाच नाई शेठ. तुमच्या पणजोबानं दारातूनच वापस केलता."

शेठला हे पटलं नाही. तांड्यातल्या माणसांची साक्ष ते धरणार नव्हते, आणि नायकालाही पोलिसांचं लचांड नको होतं, म्हणून तो मधे पडला नाही. शेठ दुष्ट नव्हते, पण त्या दिवसांत त्यांचा कशावरच विश्वास उरला नव्हता. आठ दिवसांनी नागपूरहून जुन्या काचेची पारख करणाऱ्या उर्वशीबाई येणार होत्या. पेला घेऊन ये, त्या काय ते सांगतील, नाहीतर पोलीस विचारतील, असं बजावून ते निघून गेले. मानीबाई घरी आली आणि मला हातात घेऊन बसली. तांड्यातल्या माणसाला चोर म्हणायला कोणाला फार विचार करावा लागत नाही, हे ती लहानपणापासून जाणून होती. पण वीस वर्षं किल्ल्या सांभाळल्यावर हे ऐकावं लागेल असं तिला वाटलं नव्हतं.

मित्रांनो, आता जे सांगतो ते सांगताना आजही मला वाईट वाटतं. मानीबाईची सून रंजिता. तिचं सासूवर फार प्रेम. सासूला ती याडी म्हणते, म्हणजे आई. शहरातली बाई पेला पाहणार, तो मळकट दिसला तर याडीची आणखी शोभा होईल, असं तिच्या मनाने घेतलं. जायच्या आदल्या दुपारी, मानीबाई पाण्याला गेली असताना, तिने मला राखेने घासलं. मग उलटं करून पाहिलं. बुडाची ती खरबरीत बेंबी आणि ते धुरकट कडं तिला घाण वाटलं. तिने पाट्यावर ओली रेती टाकली आणि माझं बूड एका दिशेने घासत राहिली, दुपारभर. मी ओरडू शकत नव्हतो. शंभरावर वर्षांत जे उमटलं होतं ते संध्याकाळपर्यंत गेलं, आणि रंजिताने मला स्वच्छ ओढणीत गुंडाळून ठेवलं.

दुसऱ्या दिवशी शेठच्या दिवाणखान्यात मी माझ्या अकरा भावंडांना भेटलो. ती मला ओळखतील असं वाटलं होतं, पण ती आपली सरळ उभी होती. उर्वशीबाईंनी आम्हांला एकेक करून उजेडात धरलं, भिंग लावलं. शिवण नाही, बुडबुडे आहेत, काठाची जाडी सारखी नाही. भट्टी एक, हातही एकच, वय सव्वाशेच्या आसपास, असं त्या म्हणाल्या. मग त्यांनी आमची बुडं पाहिली. अकरा जणांची बेंबी जागच्या जागी होती. माझं बूड पाहून त्या थबकल्या.

"हे नुकतंच घासलेलं आहे," त्या म्हणाल्या. "सगळे चरे एकाच दिशेचे आहेत. खरी झीज अशी नसते."

"खूण पुसली म्हना ना," शेठ म्हणाले.

मानीबाईने चमकून माझ्याकडे पाहिलं. तिलाही हे ठाऊक नव्हतं. दाराशी उभी असलेली रंजिता पुढे आली.

"म्या घासला. याडीले मालूम नाई. चांगला दिसावा म्हून घासला."

उर्वशीबाईंनी रंजिताकडे जरा वेळ पाहिलं, आणि मग पेला तुम्ही धुऊन कसा ठेवता, असं तिला विचारलं. पालथा, दगडावर, असं रंजिताने सांगितलं. त्यांनी मला उचलून काठावर भिंग धरलं. काठाकडे रंजिताचं लक्षच गेलं नव्हतं. तिथे चरे होते, सगळ्या दिशांचे, आणि मी ज्या बाजूला कलतो तिथे जास्त. अकरा जणांचे काठ मात्र नवे असल्यासारखे गुळगुळीत होते.

त्या म्हणाल्या, हा पेला फार वर्षं पेटीबाहेर आणि वापरात होता. पण काठ लवकर झिजतो, त्यावरून किती वर्षं ते सांगता येत नाही. बुडावरची झीज असती तर तो पेटीत कधी नव्हताच असं ठामपणे लिहिलं असतं. आता 'बहुधा' एवढंच लिहिता येईल.

शेठची मान खाली गेली. पोलिसांचा विषय त्यांनी सोडून दिला. थोड्या वेळाने ते म्हणाले, बाराचा संच पुरा असला तर गिऱ्हाईक मिळेल, तेव्हा पेला विकत देतेस का. माफीचा शब्द काही त्यांना सुचला नाही.

मानीबाईने मला टेबलावरून उचललं. "तवा वाकडा म्हून वापस केला," ती शांतपणे म्हणाली. "मांगच्या हप्त्यात चोरीचा म्हून मांगतला. आता शोभेले मांगून राह्यले. नाई देत शेठ."

त्या वेळी मला माझ्या वाकडेपणाचा पहिल्यांदा अभिमान वाटला. पण 'बहुधा' हा शब्द फार चिवट असतो, मित्रांनो. दिग्रसमध्ये मानीबाईला पुन्हा कोणी धुण्याभांड्याला ठेवलं नाही. आणि पुढच्या महिन्यात तांड्यात सोयरीक झाली, तेव्हा नायकाच्या घरून गूळपाण्यासाठी स्टीलचा पेला आला. 'बहुधा'च्या पेल्यातून पक्का शब्द कसा द्यायचा, असं नायकाचं म्हणणं. मानीबाईने तो पाहिला आणि ती शेवटच्या रांगेत जाऊन बसली.

म्हणून तुम्हांला हात जोडून सांगतो, जुन्या वस्तूला उगाच घासूनपुसून नवं करू नका. ज्याला तुम्ही डाग म्हणता ती तिची साक्ष असते. आणि माणसाबद्दल बोलण्याआधी त्याने इतकी वर्षं काय केलं ते उलटंपालटं करून नीट पाहा.

रंजिता तेव्हापासून मला फळीवर ठेवताना मुद्दाम जोर देऊन फिरवायची. कडं पुन्हा उमटावं म्हणून. एकदा मानीबाईने तिचा हात धरला.

"घासून नाई येत पोरी ते," ती म्हणाली. "नुसता ठेवत जाय. उचलत जाय."

आता रंजिता मला रोज नुसतं ठेवते आणि उचलते. कडं उमटायला अजून शंभर वर्षं लागतील. तोवर मला कोणी फोडू नका, एवढंच मागणं आहे.