टिटवीचं घरटं आणि पाद्रीबाबांचं प्रवचन

मी दुर्बीण. आज जरा माझं ऐका, कारण मला डोळ्यांना लावून वित्से आजोबा दोन वर्षं नुसते बोलतच होते.

माझी भिंगं जर्मनीत घासली गेली. समुद्राचं पाणी अडवणाऱ्या बांधावरून कुरणातल्या पाखराच्या चोचीला लागलेला चिखलसुद्धा मी दाखवते. वित्से पाद्री म्हणून निवृत्त झाले तेव्हा गावानं मला त्यांच्या गळ्यात घातलं. वाटलं, आता तरी हा माणूस उपदेश सोडून पाखरं बघेल. कसचं काय!

दर शनिवारी सकाळी ते नऊ वर्षांच्या नातीला, यिक्केला, घेऊन बांधावर येत. छंद दोघांचा, म्हणे. तिला पाखरं बघायची असत. यांना चर्चच्या मासिकातल्या आपल्या पानासाठी पाखरांकडून धडे हवे असत. एकदा एक बगळा पाण्यात कितीतरी वेळ निश्चल उभा होता.

"बघ यिक्के, ही खरी प्रार्थना. केवढा संयम!"

तेवढ्यात त्या साधूनं बदकाचं पिल्लू गिळलं. यिक्केनं पाहिलं, मीही पाहिलं. मासिकात फक्त संयम छापून आला.

मग मे महिन्यात यिक्केला माझ्यातून कुरणात अंड्यांवर बसलेली टिटवी दिसली. आजोबांनी लगेच मला तिच्या हातातून घेतलं.

"अहाहा! किती शांत बसलीय. हिला म्हणतात श्रद्धा."

"आजोबा, गवत कापायचा ट्रॅक्टर वळला. तिकडेच येतोय!"

"थांब गं, एवढं वाक्य टिपून घेतो."

वाक्य टिपून त्यांनी मला पुन्हा डोळ्यांना लावलं, तर समोर यिक्के. कुंपणाखालून घुसून, हात पसरून, ट्रॅक्टरच्या पुढ्यात उभी. पाद्रीबाबा धावले, आणि मी त्यांच्या छातीवर आपटत राहिले.

ट्रॅक्टर दोन हातांवर थांबला. तो चालवणारी हिस्केकाकू खाली उडी मारून ओरडली, "मरायचंय का गं तुला?"

"काकू, चार अंडी आहेत!"

हिस्केनं वाकून पाहिलं आणि ट्रॅक्टर वळसा घालून नेता यावा म्हणून घरट्याशेजारी काठी रोवली. तेवढ्यात आजोबा धापा टाकत पोचले.

"पाद्रीबाबा, पोरगी ट्रॅक्टरपुढे आली, तुम्ही काय करत होतात?"

"मी... बघत होतो."

मला हसता येत नाही, हे त्यांचं नशीब.

एवढं होऊनही मासिकात काय आलं? टिटवी श्रद्धेनं बसून राहिली आणि देवानं ट्रॅक्टर थांबवला! यिक्केनं पान वाचलं आणि त्यांच्यापुढे धरलं.

"ट्रॅक्टर मी थांबवला. मी यात कुठेच नाही."

"अगं, देवानंच तर तुला पाठवलं."

"मग तुम्हालाही सांगितलं असेल ना? पण तुमचं बोलणं चालू होतं."

पुढच्या महिन्यात आजोबांच्या पानावर दोनच वाक्यं होती. "टिटवीची अंडी माझ्या नातीनं वाचवली. मी तेव्हा बोलत होतो."

त्यांचं एवढं एकच प्रवचन मला पटलं.

हल्ली मी यिक्केच्या गळ्यात असते. पट्टा लांब होतो म्हणून तिनं त्याला गाठ मारलीय. आजोबा शेजारी बसतात, मधूनच घसा खाकरतात. ती नुसता हात वर करते, की गप्प होतात. बिचाऱ्यांना फार जड जातं.

तुमच्या कपाटात माझी एखादी बहीण पडली असेल, तर तिला बाहेर काढा, नातवंडाच्या हाती द्या आणि कृपा करून तोंड मिटून शेजारी बसा.