एकतीस रेघांची बाटली

गजराबाईने तेलाची बाटली दारात उजेडाला धरली, नखाने वरपासून रेघा मोजल्या आणि पुन्हा पहिल्या रेघेपासून मोजायला सुरुवात केली. मागे तव्यावरची भाकर करपू लागली होती. तिचं तिकडे लक्ष नव्हतं. काल दिवेलागणीला तेल सत्ताविसाव्या रेघेशी होतं. तिने तिथे काजळाचं बोट टेकवून ठेवलं होतं, ते अजून तसंच होतं. तेल मात्र चोविसाव्या रेघेवर होतं.

कमी झालं असतं तर तिने समजून घेतलं असतं. तेल चढलं होतं.

बाटली औषधवाल्याकडची, मोठ्या पोटाची. तिच्यावरची कागदाची पट्टी तिच्या नवऱ्याने, पितांबर मास्तरांनी, शाळेची मोजपट्टी लावून आखून दिली होती. महिन्याचे दिवस एकतीस, रेघा एकतीस. गजराबाईला अक्षर येत नव्हतं, पण रेघ येत होती. पहिल्या तारखेला मेहबूबभाईच्या दुकानातून नऊ रुपयांचा किराणा एकदाच आणायचा. नऊ म्हणजे नऊ. डाळीच्या पुरचुंड्या बांधायच्या, गूळ फोडून खडे मोजायचे, मिरच्या सुद्धा मोजायच्या. मग महिनाभर दुकानाची पायरी चढायची नाही. लढाईचं तिसरं वर्ष होतं, घासलेट आणि साखर यांचे भाव ऐकूनच माणूस घाम पुसत होता, आणि त्यातच हा महिना दिवाळीचा. तरी तिने करंज्या एकवीसच तळल्या होत्या आणि पणत्या पाचच लावल्या होत्या.

हे सगळं एका शब्दासाठी चाललं होतं.

धानोऱ्याच्या देवळात कार्तिकाचा सप्ताह बसे. एकादशीचा उपास कीर्तनकार बुवा द्वादशीला एका घरी सोडत, आणि तो मान आजेसासऱ्यांच्या वेळेपासून या घराचा. त्याला एक अट होती. ज्या घरावर दुकानाची उधारी आहे, त्या घरचं अन्न बुवा घेत नसत. त्यात घराचा पाणउतारा नव्हता. ओढग्रस्तीच्या घरचा घास आपण खाऊ नये, एवढाच जुन्या बुवांचा भाव. उंबऱ्याबाहेर उभं राहून बुवा विचारत, "माय, घर मोकळं आहे का?" उत्तर घरच्या बाईने द्यायचं, कारण चूल तिची. उत्तर 'नाही' आलं तर बुवा उपाशी राहू नयेत म्हणून रेवजी घाणीवाल्याच्या घरी दुसरा स्वयंपाक तयार ठेवलेला असे. कित्येक वर्षं तो दुसरा स्वयंपाक रेवजीच्या गड्यांनीच खाल्ला होता.

तीन वर्षांमागे गजराबाईचे सासरे वारले. दिवसकार्य झालं, मेहबूबभाईच्या वहीत या घराचं पान भरलं, आणि दोन महिन्यांत द्वादशी आली. हिलालबुवांनी विचारलं. धनुबाई, गजराबाईची सासू, उंबऱ्यात पाण्याचा तांब्या घेऊन उभी होती. 'मोकळं आहे' म्हणाली असती तर कोण वही बघायला जाणार होतं? मेहबूबभाई स्वतः समोर निंबाखाली उभा राहून पायाच्या अंगठ्याने माती उकरत होता. पण धनुबाई म्हणाली, "नही, महाराज." बुवांनी हात जोडले आणि माणसं रेवजीच्या घराकडे वळली. पान फिटेपर्यंत मग या दारात प्रश्नच विचारला गेला नाही.

त्यानंतर धनुबाई देवळाची पायरी चढली नाही. आणि ती कशी ऐकणारी! खांबाशी तिची जागा ठरलेली. बुवा पूर्वरंगात रंगले की हिचे डोळे मिटत आणि उत्तररंगात आख्यान आलं की पदर ओला होई. दुसऱ्या दिवशी जात्यावर बसून तेच आख्यान ती सुनेला असं सांगे, की पीठ कधी पडलं ते कळत नसे. आता तीन वर्षं सप्ताहात मृदंगाची थाप घरात ऐकू आली की ती जातं थांबवी. थाप थांबली की पुन्हा खुंटा धरी.

उधारी यंदाच्या श्रावणात फिटली. द्वादशीला तीन दिवस राहिले होते. आणि बाटलीत तेल चढत होतं.

कुणीतरी तेल आणून ओततंय, आणि घरात तिसरं माणूस म्हणजे सासूच. नातवासारखं जपलेलं पारणं, त्यात काही उणं पडू नये म्हणून बिचारीने कुठून उधार तर आणलं नसेल? विचारायचं तर कसं? 'उधारी' हा शब्द तीन वर्षांत त्या घरात कुणी उच्चारला नव्हता. तिने करपलेली भाकर स्वतःच्या वाट्याला बाजूला ठेवली, डोक्यावर पदर घेतला आणि निघाली.

"भाभी!" मेहबूबभाईने तागडी खाली ठेवली. "अठ्ठावीस तारीख, आनि तू दुकानवर?"

"भाई, आमनं पान काढा."

"कसानं पान? श्रावणमा पैसा दीसन तूच ते फाडी लई गयी ना. चूलमा घालं व्हतं, तूच सांगं."

"मायना नाववर काही?" तिने सासूचं विचारलं.

"तिन्हा नाववर बी नही." मेहबूबभाईने तिच्याकडे नीट पाहिलं. "काय व्हयनं? तेलनं म्हनशी तर पहिली तारीखनंतर मन्हाकडे डबाच उना नही. लढाई शे. आते गावमा तेल एकच जागे, रेवजीनी घानीवर."

ती वळली तसा त्याने गुळाची ढेप पुढे सरकवली. "बुवा येतीन, संगे चार मानसं येतीन. हाऊ गूळ लई जा. मी लिखत बी नही. आल्लानी कसम, लिखत नही."

"तुम्ही नही लिखं तरी मले याद ऱ्हाई ना, भाई."

पडद्यामागून त्याची बायको मेहरुन्निसा खळखळून हसली. "ऐकं का? तीन वरीस त्या सासूसूननी डाग धोया, आनि तुम्ही ढेप लीसन परत लावाले निंघनात!"

मेहबूबभाईने ढेप मागे ओढली, पण त्याचाही चेहरा हसरा होता.

रेवजीची घाणी गावाच्या टोकाला. बैल डोळ्यांवर झापड घेऊन फिरत होता, नव्या शेंगांचा कच्चा वास सुटला होता. मांडवाखाली गोणपाटावर दहाबारा बायका ओळीने बसून शेंगा सोलत होत्या. गजराबाई कुडाशी आली आणि थांबली.

ओळीच्या शेवटी, पदर नाकापर्यंत ओढून, धनुबाई बसली होती.

गेले चार दिवस रोज दुपारी "जरासं फुलीकडे जाई येस" म्हणून सासू निघे, ते खरंच होतं. फुलीबाई ही रेवजीचीच बायको. दोघी वाती वळत बसत असतील, असं गजराबाईने धरून ठेवलं होतं. सासूच्या अंगठ्याला चिंधी दिसली तेव्हा तिने विचारलंही होतं. "काही नही, जरासं सोलाईन गयं," सासू म्हणाली होती. तेही खरंच होतं.

फुलीबाई माप घेऊन ओळीतून आली. दोन पायल्या दाणे झाले की पळीभर तेल, अशी मजुरी होती. ती धनुबाईपाशी वाकली.

"वसरीमा बठ ना वं, बहीन. मास्तरनी माय तू. रांगमा बठाले कोनी सांगं?"

"मजुरी करस तं रांगमाच बठसू."

फुलीबाईने पळी भरली, वर आणखी थोडं ओतलं. धनुबाईने तिचा हात धरला.

"तेल भर, फुली. नातं नको भरू त्यामा."

फुलीबाईने बोट फिरवून वरचं तेल डब्यात सोडलं. गजराबाई कुडापासून मागे सरली. येताना तिने मुद्दाम विहिरीकडची लांबची वाट धरली. वाटेत कुणी भेटलं तर चेहरा दिसू नये म्हणून पदर सासूसारखाच पुढे ओढला.

संध्याकाळी जेवणं झाली ती नेहमीसारखी. मास्तर नंदुरबारच्या बाजारातल्या भावांबद्दल सांगत होते. गजराबाईने सासूच्या ताटात शेंगदाण्याची चटणी वाढली, मधे बोटाने खळगा केला आणि त्यात तेल ओतलं. खळगा भरला, काठ ओलांडून तेल भाकरीपर्यंत गेलं.

धनुबाईने वर पाहिलं. "येवढं? रेघ पाह्यी का?"

"पाह्यी, माय. रेघ वर शे."

धनुबाई क्षणभर तिच्या तोंडाकडे बघत राहिली. मग तिने भाकरीचा तुकडा मोडला आणि तेलात बुडवला. अंगठ्यावरची चिंधी तिने पदराखाली घेतली नाही.

द्वादशीला उजाडताच अंगण सारवून झालं, रांगोळी झाली. मोजून राखलेल्या गुळाची खीर झाली, वरण, भात, भोपळ्याची भाजी झाली. शेतातल्या वाट्याचा गहू होता, त्याच्या पुऱ्या. ऊन अंगणात आलं तसे टाळ ऐकू आले. हिलालबुवा पुढे, मागे मृदंगवाला, तीन टाळकरी, आणि त्यांच्या मागे निम्मं गाव. तीन वर्षांनी या दारात प्रश्न विचारला जाणार होता. रेवजी आणि फुलीबाई पुढेच होती. निंबाखाली मेहबूबभाई उभा होता, आज धुतलेली टोपी घालून.

गजराबाई पाण्याचा तांब्या घेऊन उंबऱ्यात आली. बुवा थांबले. टाळ थांबले.

"माय, घर मोकळं आहे का?"

"महाराज, चूल मी पेटावस," गजराबाई म्हणाली, "पन घर मायनं शे. तिले इचारा."

मास्तरांनी चमकून बायकोकडे पाहिलं. माजघराच्या दाराआडून हालचाल झाली आणि पुन्हा शांत. गजराबाई मागे वळली नाही. तिने नुसता हात मागे केला. काही वेळाने त्या हातातला तांब्या कुणीतरी घेतला.

धनुबाई उंबऱ्यात उभी राहिली. बुवांनी तिला ओळखलं. त्यांचा आवाज मघापेक्षा हळू झाला.

"माय, घर मोकळं आहे का?"

"मोकयं शे, महाराज."

पहिल्यांदा ते उंबऱ्यापुरतंच ऐकू आलं. धनुबाईने मान वर केली, पदर कपाळापर्यंत मागे सारला आणि पुन्हा म्हणाली, देवळाच्या पायरीपर्यंत जाईल अशा आवाजात, "मोकयं शे! या घरमा या!"

मृदंगवाल्याला राहवलं नाही. त्याने थाप दिली, टाळ एकदम उसळले, आणि लोकांनी विठ्ठलाच्या नावाचा असा गजर केला, की निंबावरचे कावळे उडाले. मेहबूबभाईने आकाशाकडे हात उचलून तोंडावरून फिरवले. धनुबाई वाकून बुवांच्या पायांवर पाणी घालत होती. चिरलेल्या बोटांना गार पाणी झोंबत असणार, पण तिने सावकाश, दोन्ही हातांनी पाय धुतले. बुवांनी बुक्का लावला तेव्हा तिचे डोळे मिटलेले होते, देवळात खांबाशी मिटत तसे.

गर्दीत कुणीतरी हसलं. "आते रेवजीभाऊना घरना सयपाक जाई ऱ्हायना वाया!"

सगळे फुलीबाईकडे बघायला लागले.

"कसाना सयपाक?" फुलीबाई म्हणाली. "मन्हा घर आज चूलच पेटनी नही."

रेवजी दचकला. "आँ? मंग आपन काय खावाव?"

"धनुबाईना घर जेवाव. आनखी कोठे?"

"फुली," धनुबाई उंबऱ्यातून म्हणाली, "आनि मी 'नही' म्हनती तर? बुवा उपाशी ऱ्हातात ना वं!"

"ऱ्हातात. आनि मी बी ऱ्हाती." फुलीबाईने पदर खोचला आणि सरळ उंबरा ओलांडला. "आठ दिन माप मीच भरी ऱ्हायनी ना? मले नही समजाव तं कोनले समजी?"

धनुबाईने फुलीबाईच्या हातात पाट दिला.

बुवांची पंगत बसली. रेवजीचं घर म्हणजे लहानमोठी सात माणसं, ती ओसरीवर पाय दुमडून वाट बघत होती. गजराबाईने आणखी कणीक मळायला घेतली. मागून सासू आली, तिच्या हातातून लाटणं काढून घेतलं आणि पोळपाटाशी बसली. अंगठ्याची चिंधी तिने सोडून टाकली होती.

"हात चालाड, गजरा," पुरी लाटता लाटता ती म्हणाली. "संध्याकायले काल्यानं कीर्तन शे. उशीर व्हयना तं खांबपाननी जागा सापडस नही."

"हो माय."

कढईतलं तेल तळाला गेलं होतं. गजराबाईने कोनाड्यातली बाटली उचलली. तेल अजून एकोणतिसाव्या रेघेवर होतं.

"रेघ पाहीसन वत वं," सासू सवयीने म्हणाली.

गजराबाईने पट्टीची बाजू भिंतीकडे फिरवली आणि बाटली कढईत कलती केली.